कोण मागे, कोण पुढे

दोन घड्याळे आहेत. एक दिवसाला पाच मिनिटे पुढे जाते, दुसरे तीन मिनिटे मागे पडते. सोमवारी दुपारी बाराला दोन्ही बरोबर लावली. दोन्ही तबकड्यांवर पुन्हा एकच वेळ कधी दिसेल? शिष्यवृत्तीच्या वयात हे गणित बहुतेकांच्या वहीतून गेलेले असते. रोज आठ मिनिटांचे अंतर पडते, तबकडी बारा तासांची म्हणजे ७२० मिनिटांची, भागाकार केला की उत्तर ९० दिवस. मुले उत्तराखाली दोन रेघा मारतात आणि नळ-टाकीच्या गणिताकडे वळतात.

मला मात्र त्या नव्वदाव्या दिवसाच्या दुपारपाशी थांबावेसे वाटते. पुढे जाणारे घड्याळ तोवर साडेसात तास पुढे गेलेले असते आणि मागे पडणारे साडेचार तास मागे. म्हणजे दोन्ही तबकड्यांवर साडेसात वाजलेले दिसतात. दोघांचे पूर्ण एकमत, आणि बाहेर टळटळीत बारा! कोणी बाहेर न बघता फक्त या दोन घड्याळांची साक्ष काढली, तर साडेसात ही वेळ पुराव्यानिशी सिद्ध होईल. दोघांनीही बरोबर वेळ दाखवावी असा दिवस यायला ७२० दिवस लागतात, जवळजवळ दोन वर्षे.

गणितात लिहिलेले असते, 'दिवसाला पाच मिनिटे पुढे'. कशाच्या पुढे? तिथे एक तिसरे घड्याळ उभे असते. त्याचे नाव गणितात नसते, पण त्याच्याशिवाय 'पुढे' आणि 'मागे' या शब्दांना काही अर्थच उरत नाही. एकट्या घड्याळाला वेग नसतो. घड्याळांचे गणित सोडवायचे म्हणजे आधी ते न सांगितलेले घड्याळ शोधायचे, आणि मग त्याच्यावर तरी आपण का विश्वास ठेवतो हे विचारायचे. अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवताना मला सगळ्यात जास्त रस या प्रश्नात वाटतो.

आणि आमच्या डोलवीत हा प्रश्न शोधत फिरावे लागत नाही. वडखळ नाक्यावरून अलिबागच्या रस्त्याला लागले की उजव्या-डाव्या हाताला एकेक घड्याळ चालूच असते. पोलाद कारखान्याचे घड्याळ पाळ्यांचे. भट्टीला रात्र नसते, त्यामुळे त्या घड्याळालाही नसते. पेणच्या गणपती कारखान्यांचे घड्याळ वर्षाचे, भाद्रपदाकडे मोजत जाणारे. खारेपाटातल्या शेताचे पावसावर, मिठागराचे उन्हावर. आणि या सगळ्यांना वळसा घालून गेलेली अंबेची खाडी, धरमतरची. बाहेर मोठ्या जहाजांतून उतरवलेले लोहखनिज आणि कोळसा घेऊन बार्ज आत येतात. खाली गाळ उघडा पडलेला असला तर सगळी यंत्रे तयार असूनही पाण्याची वाट बघावी लागते. हजारो टन पोलादाचा व्यवहार चंद्राच्या वेळापत्रकाशी जुळवून घेतो, हे मला पुन्हा पुन्हा बघावेसे वाटते.

माझ्याकडे येणारी मुले या दोन्ही वेळापत्रकांतून येतात. कोणाचे वडील रात्रपाळी करून सकाळी झोपायला येतात, कोणाच्या घरी अजून खारबंदिस्तीच्या बांधाची आणि उघाडीची चिंता असते. उघाडी म्हणजे बांधातले दार. ओहोटीला ते उघडते आणि शेतातले पाणी खाडीत जाते, भरती चढू लागली की खाडीच्याच पाण्याच्या दाबाने ते बंद होते. ते नीट बसले नाही, किंवा उधाणाच्या भरतीत बांधाला खांड गेली, तर खारे पाणी भातात शिरते आणि ती जमीन पुढची काही वर्षे पीक देत नाही. भरतीची वेळ माहीत असणे हा इथे पिढ्यान्‌पिढ्या पोटाचा प्रश्न होता.

अशाच एका घरातली मुलगी वर्गात आहे. तिच्या आजोबांना मी एकदा बांधावर भेटलो, तेव्हा ते बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत होते. म्हणाले, "आज षष्ठी, मास्तर. साडेचारला पानी भरंल." नियम कोकणात सगळीकडे आहे : तिथीची पाऊणपट करायची. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. एवढ्यावर होड्या सुटल्या, जाळी टाकली गेली, उघाड्या राखल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही हा नियम फळ्यावर घेतला. सूर्य डोक्यावर येतो तो चोवीस तासांनी. चंद्र रोज थोडा मागे राहतो आणि २९.५३ दिवसांनी सूर्य त्याला पुन्हा गाठतो. तेवढ्या काळात सूर्याच्या २९.५३ फेऱ्या झाल्या असतील, तर चंद्राच्या एक कमी, २८.५३. म्हणून चंद्राचा दिवस चोवीस तास गुणिले २९.५३ भागिले २८.५३, म्हणजे २४ तास साडेपन्नास मिनिटे. मिनिटकाटा तासकाट्याला दर १ तास ५ मिनिटे २७ सेकंदांनी गाठतो, ते गणित आणि हे गणित एकच. चंद्राच्या एका दिवसात दोन भरत्या, म्हणून दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटे.

मग ती मुलगी म्हणाली, "सर, आजोबांचा नियम चुकतो." तिने मांडणी नीट केली होती. चांद्रमासाच्या तीस तिथी. तीस तिथींत भरती चोवीस तास मागे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. नियम सांगतो ४५. पंधरा तिथींत पाऊण तासाची तूट. पौर्णिमेला नियमाने सव्वाअकरा येतात, यायला हवेत बारा.

गणित बरोबर होते. तरीही मी म्हटले, आजोबांच्या बाजूने अजून थोडे बोलायचे राहिले आहे. भरती एकटा चंद्र आणत नाही. सूर्याचीही एक भरती असते, चंद्राच्या निम्म्याहून कमी उंचीची, आणि ती ठरलेल्या घड्याळी वेळेलाच येते. दोन्ही लाटा एकमेकींवर चढतात तेव्हा उधाण, एक दुसरीला खाते तेव्हा भांग. उधाणाच्या आसपास सूर्याची लाट एकत्र माथ्याला आपल्या वेळेकडे ओढून धरते, म्हणून त्या दिवसांत रोजचा उशीर चाळीस मिनिटांच्या आतबाहेर राहतो. भांगात तोच तासाच्या वर जातो. अठ्ठेचाळीस ही सरासरी आहे. पाऊणपटीचा नियम उधाणाच्या दिवसांशी अधिक जवळीक ठेवून आहे, आणि बांधाला धोका त्याच दिवसांत असतो. ज्यांनी तो नियम बसवला त्यांनी सरासरी काढली नव्हती. ज्या दिवशी झोप लागत नाही त्या दिवसांकडे बघून तो बसवला होता, असे मला मनापासून वाटते. शिवाय खाडीच्या तोंडाशी आणि आत भरतीची वेळ एक नसते. पाण्याला आत शिरायला वेळ लागतो. हा गावोगावचा फरक पंचांगात नसतो, तो तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असतो. मुंबईत अपोलो बंदरावर भरतीची यंत्राने नोंद सुरू झाली ती १८७८ पासून. बोटांची पेरे त्याआधीही मोजत होती.

इथवर तिसरे घड्याळ कोणते, हे सोपे होते. सूर्याचे, म्हणजे खरे तर पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचे. चंद्र मागे पडतो तो तिच्या मानाने. पण याच खाडीने त्या घड्याळाचाही विश्वास काढून घेतलेला आहे. भरतीचे पाणी उथळ समुद्रांच्या आणि खाड्यांच्या तळाला घासत जाते, त्या घर्षणात ऊर्जा खर्च होते, आणि ती येते पृथ्वीच्या फिरण्यातून. जगभरच्या उथळ पाण्यात रोज दोनदा हा ब्रेक लागतो. धरमतरच्या चिखलाचा त्यात अगदी सूक्ष्म वाटा आहे, पण आहे. जुन्या ग्रहणांच्या नोंदी तपासून काढलेला हिशेब सांगतो, की शतकामागे दिवस सुमारे १.८ मिलिसेकंदांनी लांबतो. १९६३ मध्ये जॉन वेल्स यांनी सुमारे अडतीस-चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या वाढीच्या बारीक रेषा मोजल्या, तेव्हा त्या काळच्या वर्षात ४०० च्या आसपास दिवस असल्याचे दिसले. वर्ष तेवढेच होते, दिवस आखूड होते. त्याच देवाणघेवाणीत चंद्रही दरवर्षी ३.८ सेंटिमीटरने दूर जातो आहे.

म्हणून आता वेळ पृथ्वीला विचारत नाहीत, सीझियमच्या अणूला विचारतात. १९७२ पासून जगाच्या घड्याळांत २७ वेळा एकेक सेकंद जास्तीचा घालावा लागला. शेवटचा आपल्याकडे आला तो १ जानेवारी २०१७ च्या पहाटे, साडेपाचच्या ठोक्याआधी. त्या मिनिटात ६१ सेकंद होते. गेल्या काही वर्षांत पृथ्वी उलट किंचित वेगाने फिरताना आढळली आहे, त्यामुळे पुढच्या सेकंदाची घाई कोणाला नाही. पण लांबचा कल मागे पडण्याचाच. ज्या घड्याळाच्या मानाने आपण बाकी सगळी तपासत होतो ते स्वतःच मागे पडते, हे मुलांना पहिल्यांदा कळते तेव्हा वर्गात थोडी शांतता होते. मग कोणीतरी विचारतेच : मग खरे घड्याळ कोणते?

या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही. आधी लंबकाकडे वळतो, कारण लंबकाने माणसाला एकदा चांगला धडा दिलेला आहे. १६७२ मध्ये झां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळ केयेन इथे गेला. पॅरिसमध्ये अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळजी असता तर त्याने लंबक आखूड केला असता आणि विषय संपवला असता. रिशेनेही लंबक आखूड केला, पण किती केला ते लिहून ठेवले. पुढे न्यूटनने त्या नोंदीतून पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याचा पुरावा वाचला. घड्याळ बिघडले नव्हते, गुरुत्वाकर्षण बदलले होते. आपल्याकडे १८६५ नंतर कॅप्टन बसेव्ही हेच काम घेऊन दक्षिणेपासून हिमालयापर्यंत लंबक नेत राहिला, आणि १८७१ मध्ये लडाखच्या मोरे पठारावर थंडीत काम करता करता मरण पावला. घड्याळ किती मागे पडते हे बघण्यासाठी माणसे एवढ्या लांब गेली आहेत.

लंबक मागे पडायला अजूनही कारणे असतात. पितळी दांडी दहा अंशांनी तापली तर ती इतकी लांबते, की घड्याळ दिवसाला सुमारे आठ सेकंद मागे पडते. परीक्षेत हे गणित दर दोन-तीन वर्षांनी येते. त्यावर जास्त थांबावे असे त्यात काही नाही.

थांबावे ते रायगडावर. आमच्या जिल्ह्याला नाव त्या किल्ल्याचे, म्हणून मी हे गणित मुद्दाम त्याच्यावर घालतो. किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच. एक लंबकाचे घड्याळ डोलवीच्या किनाऱ्याशी ठेवा आणि तसेच दुसरे गडावर. उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून झोका मंद. डोंगराच्या दगडाचे स्वतःचे ओढणे सोडून दिले, तर गडावरचे घड्याळ दिवसाला साधारण अकरा सेकंद मागे पडेल. आता लंबक काढून दोन्हीकडे अणुघड्याळे ठेवा. १९०७ मध्ये आइन्स्टाइनने ज्या विचाराला सुरुवात केली त्याचा हिशेब असा, की गडावरचे घड्याळ पुढे जाते. प्रमाण किती? गुरुत्वत्वरण गुणिले उंची, भागिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. मीटरमागे हा आकडा येतो एक भागिले दहाचा सोळावा घात, त्याहून किंचित जास्त. ८२० मीटरला वर्षाकाठी २.८ मायक्रोसेकंद.

एवढासा आकडा मुलांना रुचत नाही. म्हणून मी सांगतो, ही दोन घड्याळे ६ जून १६७४ ला, राज्याभिषेकाच्या दिवशी लावली असे धरा. साडेतीनशे वर्षांचे गणित करा. उत्तर येते जवळजवळ बरोबर एक मिलिसेकंद. साडेतीनशे वर्षे गड डोलवीच्या पुढे पुढे जात राहिला, आणि आज तो सेकंदाच्या हजाराव्या भागाने पुढे आहे. हे उत्तर पहिल्यांदा कागदावर उतरले तेव्हा मला झालेला आनंद अजून तसाच आहे. आकडा लहान आहे म्हणून तो खोटा होत नाही.

पण वर्गातली हुशार मुले इथेच अडवतात, आणि त्यांनी अडवावे. एकाच डोंगरावर लंबक मागे पडतो आणि अणू पुढे जातो. मग दोन्ही घड्याळांवर डोंगराचा परिणाम झाला एवढेच म्हणायचे ना? एकावर असा, दुसऱ्यावर तसा. त्यात काळाला कशाला ओढायचे?

हा आक्षेप फार चांगला आहे. त्याचे उत्तर असे, की लंबकाशेजारी एक किल्लीचे घड्याळ ठेवा. त्याची स्प्रिंग गुरुत्वाकर्षणावर चालत नाही, त्यामुळे ते अकरा सेकंदांच्या भानगडीत पडणारच नाही. गडावरच, खाली न येता, दोन घड्याळांत भांडण लागेल आणि लंबकाचा दोष उघडा पडेल. यंत्राचा दोष असा ओळखायचा : शेजारचे वेगळ्या जातीचे घड्याळ त्याच्याशी सहमत होत नाही. पण मीटरमागचा तो सूक्ष्म फरक सगळ्यांना एकाच प्रमाणात लागतो. सीझियमला लागतो, क्वार्ट्झला लागतो, पहारेकऱ्याच्या नाडीला लागतो, तोफेवर चढणाऱ्या गंजाला लागतो, टाक्याच्या काठच्या गवताला लागतो. गडावर असा एकही साक्षीदार उरत नाही जो म्हणेल, की इथे काही वेगळे घडते आहे. ज्या फरकाची तक्रार कोणतेच घड्याळ जागेवर करू शकत नाही, तो घड्याळांचा फरक नव्हे. तो दोन ठिकाणच्या काळाचा फरक आहे, आणि तो कळायला खालच्या घड्याळाशी गाठ पडावी लागते.

म्हणून 'खरे घड्याळ कोणते' याला माझे उत्तर : दोन्ही. गडावर गडाचे खरे, खाडीवर खाडीचे खरे. साडेसात दाखवणारी ती शिष्यवृत्तीची दोन घड्याळे आणि ही दोन घड्याळे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो ओळखता येणे यासाठीच मी ही सगळी गणिते घालतो.

मराठी वाचकाला हे काळाचे वळण शाळेच्या पुस्तकाआधी बहुधा जयंत नारळीकरांच्या लिहिण्यातून भेटले. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा मला आठवण झाली ती त्यांच्या वडिलांचीही. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ पासून बनारसला सापेक्षता शिकवत होते, त्या सिद्धांताचे नाव घेणारेही देशात मोजके असताना. त्यांचे विद्यार्थी प्र. चु. वैद्य यांनी १९४३ मध्ये काढलेले तेजस्वी ताऱ्याभोवतीच्या अवकाशाचे समीकरण आजही त्यांच्या नावाने वापरले जाते. अवघड गोष्ट आपल्या भाषेत, पाणी न घालता सांगता येते, हा विश्वास मला या घरातून मिळाला.

आणि मुंबईचे होमी भाभा. १९३८ मध्ये त्यांनी लिहून ठेवले, की विश्वकिरणांतला तेव्हा नुकताच सापडलेला जड कण आपोआप विघटन पावत असेल, तर वेगाने जाताना तो जास्त काळ जगायला हवा, आणि तीच सापेक्षतेची परीक्षा ठरेल. तो कण म्हणजे म्यूऑन. स्थिर असताना त्याचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानेही तो ६६० मीटरच जाईल. जन्मतो मात्र पंधरा किलोमीटर उंचीच्या आसपास. साध्या हिशेबाने काही अब्जांत एखादा जमिनीवर पोचावा. प्रत्यक्षात, तळहात पुढे धरला तर सेकंदाला एखादा त्यातून आरपार जातो. १९४० मध्ये रॉसी आणि हॉल यांनी कोलोरॅडोच्या डोंगरात वर-खाली मोजून हे तपासले. घड्याळाचा दोष म्हणावा तर म्यूऑनच्या पोटात ना लंबक, ना स्प्रिंग, ना दांडी. बिघडण्यासारखे त्यात काहीच नाही. त्याचा काळच आपल्या मोजणीने मंद आहे. त्याला विचाराल तर तो म्हणेल, माझे दोन मायक्रोसेकंद दोनच होते, तुमचे वातावरणच पातळ होते. दोघांच्या बोलण्यात विरोध नाही, कारण जमिनीवर पोचला ही गोष्ट दोघांनाही मान्य आहे.

खाडीतून वर येणाऱ्या बार्जवर आज जीपीएसचा पडदा असतो. ते उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर. वेगामुळे त्यांची घड्याळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, उंचीमुळे ४५ पुढे जातात, हातात राहतात ३८ पुढे. हा हिशेब सोडला तर दिवसाला अकरा किलोमीटरपर्यंत फरक साचेल. १९७७ मध्ये एनटीएस-२ या उपग्रहावर पहिले सीझियमचे घड्याळ पाठवले तेव्हा ही दुरुस्ती करणारे यंत्र त्यावर होते, पण सुरुवातीचे वीस दिवस ते मुद्दाम बंद ठेवले. आइन्स्टाइन बरोबर आहे का ते आधी बघू, मग चालू करू. घड्याळ सांगितले होते तसेच, जवळजवळ नेमके तितकेच, पुढे जात राहिले. दुरुस्ती करण्याआधी काही दिवस नुसते बघत राहण्याचा तो धीर मला फार आवडतो.

रायगडाच्या गणितावर त्या मुलीचे समाधान झाले नव्हते. गडावरचे घड्याळ खाली आणल्याशिवाय मिलिसेकंद दिसणार नाही, हे तिला पटले होते. पण आणतानाही ते चालूच राहणार. मग आणण्याने किती फरक पडतो? तिने ते गडाच्या पायथ्याच्या पाचाडहून एसटीने आणायचे ठरवले. महाड, माणगाव, नागोठणे, वडखळ, सरासरी ताशी चाळीस, वाटेत तीन तास. वेगामुळे घड्याळ मागे पडते ते सुमारे सात पिकोसेकंद. खाली तिने लिहिले, 'नगण्य'. मी तिला सांगितले, की २०१० मध्ये अमेरिकेत बोल्डर इथल्या प्रयोगशाळेत दोन घड्याळांतला फरक ताशी ३६ किलोमीटरहून कमी वेगालाही मोजला गेला आहे, आणि उंचीचा फरक अवघ्या ३३ सेंटिमीटरला. एसटीचा वेग त्यांच्या घड्याळांना कळतो.

पुढच्या वेळी ती म्हणाली, मग रस्त्याची उंचीही धरायला हवी. एसटी डोलवीपेक्षा उंचावरून जाते, त्यामुळे घड्याळ पुढेही जाते. किती उंचीला वेगाचा तोटा भरून निघेल, हे तिने मांडले. एका बाजूला वेगाचा वर्ग भागिले दोन, दुसऱ्या बाजूला गुरुत्वत्वरण गुणिले उंची, आणि दोन्हींच्या खाली तोच प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. तो कटला. उत्तर सव्वासहा मीटर. म्हणजे एसटी खाडीपेक्षा दुमजली घराएवढी उंच असली तरी ती मागे पडत नाही. "पण सर, हे सूत्र तर नववीतलं आहे," ती म्हणाली. होतेच. त्याच वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू जेवढा उंच जातो, तेवढीच ही उंची.

मग चेंडूतच घड्याळ ठेवायचे ठरले. ताशी चाळीसच्या वेगाने वर फेकायचा आणि हातात झेलायचा. वर असताना तो उंचीमुळे कमावतो, हलताना वेगामुळे गमावतो. हातातल्या घड्याळाच्या तो पुढे की मागे? हिशेब घातल्यावर कमाई तोट्याच्या बरोबर दुप्पट निघाली. झेलताना चेंडूतले घड्याळ पुढे असते, अर्ध्या फेमटोसेकंदाने. मी तिला एवढेच सांगितले, की हातातून सुटून सव्वादोन सेकंदांनी परत हातात येण्याचे दुसरे मार्गही करून बघ. भरकन वर नेऊन तिथे धरून ठेवायचे आणि भरकन खाली आणायचे, सावकाश वर आणि सावकाश खाली, अर्ध्यावरूनच परत. वर्गातली बाकीची मुलेही आता त्यात पडली आहेत आणि वहीची मागची पाने भरत चालली आहेत. काही मार्ग जवळ आले, पण घड्याळाला त्या साध्या फेकीपेक्षा पुढे नेणारा मार्ग अजून कोणाला सापडलेला नाही.